दाराच्या जागचा खड्डा

बुधवार, १० जुलै

कार्यशाळाप्रमुख यांस,

काल, मंगळवार ९ जुलै रोजी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी तू मला ‘मॅडम’ म्हणालीस. वेळ पक्की आहे, कारण तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मशीन बंद पडलं होतं, तुझ्याकडे बघायची माझी इच्छा नव्हती, आणि त्या खोलीत बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. पूर्ण वाक्य होतं, ‘मॅडम, बाजूला व्हा.’ साक्षीदार तीन विद्यार्थी.

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, तक्रार लिहिताना आधी वेळ, जागा आणि साक्षीदार लिहावेत, विशेषणं नंतर. म्हणून ती आता लिहिते. कोरडी. शिष्ट. आगाऊ.

‘मॅडम’ शब्दाचं मला वावडं नाही. नकाशा कचेरीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळे मला मॅडम म्हणत आणि माझ्या टेबलाला वळसा घालून जात. पण तू त्या कचेरीत नव्हतीस. तू आमच्या घरात होतीस आणि ‘अहो आई’ म्हणत दिवसभर माझं डोकं खायचीस. अहो आई, कात्री कुठे. अहो आई, बाबा परत चष्मा न घेता गेले. दोन वर्षांपूर्वी तू आणि माझ्या चिरंजीवांनी वेगळं व्हायच्या कागदांवर सह्या केल्यात. सह्या तुमच्या दोघांच्या होत्या. माझी कुणी मागितली नाही, मागितली असती तरी मिळाली नसती. ज्या कागदावर माझी सही नाही, तो मला लागू होत नाही.

मी तुझ्यावर पाळत ठेवायला कॉलेजात आले, असं तुझ्या चेहऱ्यावर पहिल्या दिवसापासून लिहिलेलं आहे. तो गैरसमज दूर कर. समोरच्या इमारतीतली वेणीवाली मुलगी तुमच्या डिझाईनच्या वर्गात आहे. तिच्या गटाला प्रकल्प मिळाला की आसपासच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाची अडचण शोधा आणि तिच्यावर उपाय होईल अशी वस्तू तयार करा. ती दोन मित्रांना घेऊन माझ्या दारात उभी. “आजी, बरण्यांची झाकणं उघडताना तुम्हाला त्रास होतो का?”

मी म्हटलं, “नाही. लोकांची तोंडं बंद करताना होतो. त्यावर काही करता येत असेल तर बघा.”

मग खरी अडचण सांगितली. ह्यांचे डोळे. समोरचं मधोमध धुकं आणि कडेकडेने थोडं जग, असं आता ह्यांना दिसतं. तुला माहीत असायचं कारण नाही, तू गेल्यानंतर ते वाढलं. वाचनालयापर्यंत फिरायला जाणं बंद झालं आहे. मी सोबत निघाले तर म्हणतात, “तू बोलत राहतेस, मला रस्ता ऐकू येत नाही.” मुलांनी आधी बोलणारी काठी करायचं ठरवलं. हे म्हणाले, “घरात एक बोलते आहे, तेवढी पुरे.” तेव्हा मी सुचवलं की आमच्या दारापासून वाचनालयाच्या बाकापर्यंतचा रस्ता लाकडात खोदा, बोट फिरवून पाठ करता येईल असा. आणि तो नकाशा मी काढणार, खोदणारही मीच, कारण माझा नकाशा दुसऱ्याने खोदलेला मला आयुष्यात कधी आवडलेला नाही.

एवढंच. ते टेबलावरचं, लाकूड खोदणारं मिलिंग मशीन तुझ्या ताब्यात आहे, हा निव्वळ योगायोग.

मशीनमधलं खोदायचं कटर मोडलं त्याचं वाईट वाटलं. चूक मुलांच्या कॉम्प्युटरवरच्या फाईलची असावी.

लेखी खुलासा शुक्रवारपर्यंत द्यावा.

तुझ्या वर्गातली वयाने सर्वांत मोठी विद्यार्थिनी


बुधवार, १७ जुलै

प्रिय कार्यशाळाप्रमुख,

खुलासा आला नाही. त्याऐवजी काल माझ्या जागेवर बिनबाह्यांचा एप्रन घडी करून ठेवलेला होता आणि माझ्या जाड चष्म्यावरूनही बसेल असा पारदर्शक चष्मा. विचारलं तर म्हणालीस, “सगळ्यांनाच देतो.” खोटं. वेणीवालीच्या गटातल्या त्या जांभई देणाऱ्या मुलाच्या एप्रनला एकच बंद आहे आणि माझ्या एप्रनला खिसे आहेत, दोन्ही बाजूंना, मला रुमाल कुठे ठेवायची सवय आहे तिथेच. खुलासा म्हणून मी हे स्वीकारत नाही. एप्रन स्वीकारला.

वर तू मला पहिलीत बसवलंस. हिरव्या मेणाचा ठोकळा दिलास आणि सांगितलंस, “आज लाकूड नाही. आज फक्त शून्य लावायचा.” मी नाक मुरडलं ते तू पाहिलंस आणि दुर्लक्ष केलंस. हे तू माझ्याकडूनच शिकली आहेस.

बाकी शिकवतेस छान, हे लिहायला हरकत नाही. मशीन काय, केवढंसं, स्वयंपाकघरात ठेवलं तर ओव्हन समजून कुणी भांडं आत ठेवेल. पण तू त्याच्याशी बोलतेस तेव्हा वाटतं, आत कुणी वयस्कर, चिडखोर माणूस बसला आहे आणि त्याची मर्जी सांभाळावी लागते. मला हा प्रकार ओळखीचा आहे, माझ्या घरात असा एक आहे. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप ठोकळ्याच्या कोपऱ्यांना पुरत नाही, पूर्ण तळाला लावायची. कटर दांड्यातून फार बाहेर काढायचं नाही, थरथरतं. आणि शून्य. कटर खाली आणत न्यायचं, त्याच्या टोकाखाली कागदाचा कपटा हलवत राहायचा. कपटा सरकतो आहे तोवर अजून खाली. कपटा अडकला, ओढला तर किंचित विरोध करतो, की थांबायचं. तिथून पुढचं सगळं त्या जागेपासून मोजायचं.

“कुठला कागद?” मी विचारलं.

“कुठलाही पातळ.”

मी माझ्या पर्समधून कोरं पत्राचं पान काढून फाडलं. तू त्या कपट्याकडे बघितलंस, कागद ओळखलास आणि लगेच कटरकडे वळलीस. म्हणजे पहिलं पत्र पोहोचलं आहे. एवढंच तपासायचं होतं.

आता मुद्द्याचं. मागच्या पत्रात मी फाईलला दोष दिला, तो मागे घेते. फाईल वेणीवालीने केली होती आणि ती बिनचूक होती. तिने उंचीचा शून्य ठोकळ्याच्या वरच्या पृष्ठभागावर धरला होता, तुम्ही सगळे धरता तसा, आणि तिथून खाली खोदायचं. मी शून्य ठोकळ्याच्या तळाशी लावला, कटर मशीनमधल्या फळीला टेकवून. कारण माझ्या कचेरीत उंची समुद्रसपाटीपासून मोजत. टेकडी असो, घाट असो, खालून वर. सगळ्या नोकरीत मी एकदाही डोंगराच्या माथ्यावर शून्य लिहून तिथून खाली मोजलेलं नाही, असं कुणी केलं असतं तर मी त्याला नकाशा परत फेकून मारला असता. त्यामुळे मशीन इमानाने समुद्रसपाटी शोधत लाकडात घुसलं.

हे मी काल तुला सांगितलं तेव्हा तू वळून व्हॅक्युम क्लीनर सुरू केलास. जमिनीवर कचरा नव्हता. तुझे खांदे हलत होते.

“हसायला काय झालं?”

“काही नाही,” तू म्हणालीस, “समुद्र चौथ्या मजल्यावर यायला वेळ लागेल, एवढंच.”

‘मॅडम’ म्हटलं नाहीस. ‘आई’ही म्हटलं नाहीस. पूर्ण दुपार तू मला कर्त्याशिवायच्या वाक्यांत शिकवलंस. हे फार कष्टाचं काम आहे, मला दया आली.

खुलासा अजून येणं आहे.


बुधवार, २४ जुलै

मायना लिहीत नाही, कारण काय लिहायचं ते कळत नाही. आता आपण दोघी सारख्याच.

मी एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहिली नव्हती. ती जपून ठेवायची होती म्हणून लिहिली नव्हती, पण काल वेणीवालीने सगळ्यांसमोर विचारलं, “आजी, सरांनी सांगितलंय की अपघाताची नोंद करायची, त्या दिवशी ताई नक्की काय ओरडल्या हो?” आणि तुझ्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही.

कटर लाकडात घुसलं, किंचाळलं, जळका वास आला. ठोकळा टेपवरून उचकटून थरथरायला लागला आणि मी, शहाण्यासारखी, तो धरायला हात पुढे केला. पडणारं भांडं धरावं तसा. तेव्हा तू खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडलीस, “अहो आई, हात!” आणि खुर्ची उलथवून आलीस आणि लाल बटण दाबलंस. कटर मोडलं. माझा हात जागेवर राहिला, त्याच हाताने हे लिहिते आहे. आणि मग, सगळं शांत झाल्यावर, माझी पाचही बोटं एकेक करून तपासल्यावर, तू म्हणालीस, “मॅडम, बाजूला व्हा.”

म्हणजे माझी तक्रार ‘मॅडम’ म्हणालीस ही नाही. दिलेलं परत घेतलंस, ही आहे. लहान पोरं खेळताना करतात तसं.

काल सगळे गेल्यावर तू ब्रशने भुसा झाडत होतीस आणि मी उगीचच पर्समध्ये काहीतरी शोधत होते. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, “ती हाक आता माझी नाहीये. तुमच्या घरी दुसरी कुणीतरी आहे तसं म्हणणारी. मी म्हटलं तर तिच्या जागेवर बसल्यासारखं होईल.”

मला उत्तर जिना उतरताना सुचलं, इतक्या उशिरा, तारीख लिहून ठेव. ते असं.

ती मुलगी चांगली आहे. हसते मनापासून, ह्यांना पेपर वाचून दाखवते फोनवरून, माझी तिच्याबद्दल काही तक्रार नाही, आणि तक्रार नसणं मला किती अवघड जातं ते तुला ठाऊक आहे. पण ती मला ‘मम्मी’ म्हणते. पहिल्या दिवसापासून. तिचा शब्द तिने स्वतःबरोबर आणला. तुझा शब्द जिथे होता तिथेच आहे, त्यावर कुणी बसलेलं नाही, फक्त धूळ बसली आहे.

चिरंजीवांचा परवा फोन होता. “आई, तू तिथे जातेस, बरं दिसतं का ते?” मी म्हटलं, “बरं दिसायचं वय तुझं. मला काम शिकायचं आहे.” मग त्याने विचारलं, “ती बरी आहे ना?” मी म्हटलं, “बारीक झाली आहे आणि माझ्याशी उद्धटपणे वागते. बरी आहे.”

आणि हो. मशीन तुझ्या ताब्यात आहे हे मला आधीपासून माहीत होतं. वेणीवालीने दारात उभं राहून वर्गाचं नाव सांगितलं तेव्हाच. बरण्यांचा मला त्रास नाही हे खरं, पण त्यांनी बरणी उघडायचं यंत्र करायचं ठरवलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

आता ठोकळ्याचं. तो खराब झालेला पहिला ठोकळा तू कचऱ्यात टाकायला ठेवला होतास, तो मी एप्रनच्या खिशात घालून घरी आणला. खिसे मोठे शिवले आहेस, चोरीला सोयीचे. टेबलावर ठेवला. हे चहाचा कप चाचपत होते, हात ठोकळ्यावर गेला.

“हे काय?”

“माझी चूक.”

“केवढी खोल आहे,” हे म्हणाले, आणि बोट त्या भोकात घालून बसले. मग विचारलं, “हे भोक कुठे पडलं आहे? नकाशात?”

मला तोवर लक्षात आलं नव्हतं. रस्ता आमच्या दारापासून सुरू होतो. मशीन खोदायला तिथूनच सुरुवात करतं. म्हणून ते पहिल्यांदा जिथे घुसलं, तिथे आमचं दार आहे.

“मग चूक कसली,” हे म्हणाले. “उलट बरं झालं. बाकी सगळं विसरलो तरी घर सापडेल.”

मंगळवारी मुलांना सांगते. तूही ऐक.


बुधवार, ३१ जुलै

पोरी,

हा मायना माझा नाही, ह्यांचा आहे. ते तुला अजून तसंच म्हणतात, मी फक्त लिहून घेते.

काल खोदलेला ठोकळा घरी पोहोचला. काल तू बाजूला हाताची घडी घालून उभी होतीस आणि एकदाही पुढे झाली नाहीस, हे मी पाहिलं. टेप मी लावली, पूर्ण तळाला. कपटा मी सरकवला. शून्य वरच्या पृष्ठभागावर, समुद्र गेला खड्ड्यात. मशीनचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा होता, मधमाशीसारखा, आणि भुसा कुरकुरीत वळ्यांनी बाहेर येत होता, पिठासारखा नाही. तू म्हणालीस, “हं.” तुझ्या ‘हं’ची किंमत मला माहीत आहे, मी तो घरी नेऊन ह्यांना जसाच्या तसा ऐकवला.

मुलांनी दाराच्या जागी मुद्दाम खोल खड्डा ठेवला ते चांगलं केलं. मी चूक म्हटल्यावर जांभईवाल्याने पहिल्यांदा डोळे पूर्ण उघडले आणि म्हणाला, “आजी, ही चूक नाही, ही सोय आहे. प्रदर्शनात असंच सांगायचं.” तो पुढे जाणार.

आता ह्यांचा अहवाल. जेवण झाल्यावर ठोकळा मांडीवर घेऊन बसले. तू आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाला नकाशा वाचताना पाहिलेलं नाहीस. मी इतकी वर्षं नकाशे काढले, ह्यांनी एकाकडेही ढुंकून पाहिलं नाही, म्हणायचे, रस्ता हा हाताने कळतो. आता शब्द खरा करायची वेळ आली. दारातल्या खड्ड्यात बोट, तिथून बाहेर, औषधांचं दुकान, मग लॉन्ड्रीचं वळण. तिथे मी घाबरले होते. आतला कोपरा टोकदार येत नाही, कटर गोल असतं म्हणून तो गोलच राहतो, हे तू सांगितलं होतंस, आणि मला वाटलं, ह्यांचं बोट घसरून पुढे जाईल. बोट वळलं. हे म्हणाले, “वळण असंच पाहिजे. काटकोनात कुठली गाडी वळते?”

वाचनालय आलं. बाक आला. बोट थांबलं नाही. ते बाकावरून पुढे गेलं आणि ठोकळ्याच्या कडेवरून खाली पडलं.

“संपलं,” मी म्हटलं.

“पोरीचं घर कुठे आहे मग?”

“ते ह्याच्यात नाही.”

“का नाही?”

“ठोकळा संपला म्हणून.”

“मग मोठा ठोकळा घ्यायचा.”

मी सांगितलं, टेबलावरच्या मशीनमध्ये ह्याहून मोठा मावत नाही. हे ठोकळ्याच्या कडेवर बोट मागेपुढे फिरवत राहिले, बस मागे घ्यायची ठरवलेल्या माणसासारखे. मग म्हणाले, “ती काय करते अशा वेळी?”

ती अशा वेळी काय करते, ते मला माहीत आहे. पहिल्याच तासाला सांगितलं होतंस. काम मशीनपेक्षा मोठं असेल तर दोन ठोकळ्यांत खोदायचं आणि कडेला कड लावून जोडायचं. जोड बोटाला लागतो, पण रस्ता तुटत नाही.

तर दुसरा ठोकळा. तू घर बदलून वाचनालयापलीकडे कुठेतरी गेलीस हे माहीत आहे, दार कुठलं ते माहीत नाही. म्हणूनच ही पत्रं मी तुझ्या कार्यशाळेच्या खणात टाकते. वेणीवालीला विचारलं असतं तर तिने घराचा रंगसुद्धा सांगितला असता. विचारलं नाही. दार तू दाखवायचं आहेस, आम्ही शोधून काढायचं नाही.

घाबरू नकोस. हे म्हणतात, “मी काही रोज जाऊन उभा राहणार नाही. बाकावर बसेन आणि परत फिरेन. पण पुढे रस्ता कुठे जातो ते माहीत असलेलं बरं.” आणि मी तर येणारच नाही. माझा गुडघा साक्षीदार आहे. बोलावलंस तर गुडघ्याला विचारेन.

आणखी एक, मग संपवते. मशीन सुरू केलं की कामाला लागायच्या आधी ते सरकत सरकत आपल्या कोपऱ्यात जाऊन टेकतं. तू त्याला ‘घरी जाऊन येणं’ म्हणतेस. ठोकळा कितीदाही बदलला, कामाचा शून्य दर वेळी नव्या जागी लावला, तरी तो कोपरा तोच राहतो. मी ह्यातून कुठलाही अर्थ काढत नाही. सिस्टर म्हणायच्या, तक्रारअर्जात उपमा वापरू नयेत. तू काढलास तर माझी हरकत नाही.

शनिवारी, ३ ऑगस्टला सकाळी दहाला मशीन मी मागून घेतलं आहे, मुलं येणार आहेत. तेव्हा उत्तर शुक्रवार, २ ऑगस्ट, संध्याकाळी पाचच्या आत मिळालं पाहिजे. लेखी. एप्रन, चष्मा, ‘हं’ आणि व्हॅक्युम क्लीनर हे उत्तर म्हणून धरले जाणार नाहीत. उत्तरात मला दोनच गोष्टी हव्या आहेत. बाकापासून तुझ्या दारापर्यंतची वळणं, डावी-उजवी नीट लिहून. आणि वर मायना. तो काय असावा ते मी सांगणार नाही.

पत्र आलं नाही तरी दुसरा ठोकळा मी जोडणार आहे. कोरा. लाकूड टिकतं, नंतरही खोदता येतं.

आलं तर तुझ्या दाराच्या जागी आमच्याइतकाच खोल खड्डा करायचा, असं ह्यांनी सांगितलं आहे. शून्य वरून लावेन, काळजी नको.

शुक्रवार. पाच. लेखी.